मंडपात काय लावायचे? महाडच्या फलकांपासून गुलमंडीच्या फ्लेक्सपर्यंत

एप्रिल जवळ आला की आपल्याकडे दोन गोष्टींची धावपळ सुरू होते, डीजेची आणि पीपीटीची. डीजेवर पुष्कळ लिहून झाले, भांडूनही झाले. पीपीटीवर मात्र कोणी बोलत नाही. ती लॅपटॉपवर तयार होते, प्रोजेक्टरवर दिसते, म्हणजे ती प्रबोधनच असणार, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या व्याख्यानमाला, अभ्यासवर्ग, संविधान दिनाचे कार्यक्रम आम्ही सतत पाहत आलो आहोत. बहुतेक ठिकाणी पडद्यावर तेच असते. निळी पार्श्वभूमी, एका कोपऱ्यात बुद्ध, दुसऱ्या कोपऱ्यात बाबासाहेब, मध्ये पंधरा-वीस ओळींचा मजकूर आणि श्रोत्यांकडे पाठ करून तोच मजकूर वाचणारा वक्ता. मागच्या रांगेतल्या आजीला अक्षर दिसत नाही आणि पुढच्या रांगेतला पोरगा वक्त्याच्या आधी वाचून मोकळा होतो. मग टाळ्या, जयभीम, आणि चहा.

सजावटीला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही चित्रे आपण कोणासाठी निवडतो? जो आधीच आपला आहे त्याच्यासाठी, की ज्याला अजून पटलेले नाही त्याच्यासाठी? फुले-आंबेडकरी चळवळीचा इतिहास नीट पाहिला तर आपल्या पूर्वसूरींनी दाखवण्याची साधने बहुतेक वेळा त्या दुसऱ्या माणसासाठी निवडली होती. वंदनेत आपण रोज धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे ये आणि स्वतः पाहा. पाहणाऱ्याला तपासायला बोलावणारा हा शब्द आहे. आपल्या पडद्यावर तपासण्यासारखे काय असते, याचा हिशेब एकदा व्हायला हवा.

तो हिशेब करायला गुलमंडीइतकी चांगली जागा या शहरात नाही. पैठण गेटकडून टिळकपथाने यावे तर दोन्ही बाजूंना कापडाची, भांड्यांची, चपलांची दुकाने, आणि चौकात आल्यावर मान वर केली की फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, सणाच्या शुभेच्छांचे. एका फ्लेक्सवर बत्तीस चेहरे आम्ही मोजले आहेत. जयंतीच्या दिवसांत आपलेही फ्लेक्स लागतात आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर रंग सोडला तर त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक करता येत नाही. वर महापुरुष, खाली शुभेच्छुक. खरेदीला आलेली बाई, गल्ल्यावरचा दुकानदार, रिक्षावाला यांना त्या फ्लेक्समधून नवे काय कळले? कोणाचे किती बळ आहे, एवढेच. गुलमंडी ही या शहराची जुनी बाजारपेठ आहे, इथला दुकानदार बहुतेक आपल्या वस्तीतला नाही. नागसेनवन इथून फार लांब नाही, पण तिथे बोललेले इथे पोहोचत नाही. हे अंतर जो कापू शकेल तोच खरा प्रबोधनकार.

जोतीरावांनी ते अंतर कसे कापले पाहा. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट याच्यासाठी समारंभ ठेवला होता. शहरातले संस्थानिक, सरदार, सावकार जरीच्या पागोट्यांत आणि दागिन्यांत आले. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात आले, अंगावर फाटके कपडे, खांद्यावर घोंगडी. ते काही गरीब गृहस्थ नव्हते. बांधकामाची कंत्राटे घेणारे, पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य राहिलेले, चांगले कपडे शिवून घेण्याची ऐपत असलेले. पण त्या दिवशी त्यांना राजपुत्राला एकच सांगायचे होते की समोर बसलेले हे सोन्याने मढलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यात आहे. ‘शेतकऱ्याचा आसूड’ पाच वर्षांपूर्वीच लिहून झाला होता. राजपुत्र तो वाचणार नव्हता. म्हणून जोतीरावांनी पुस्तकातली गोष्ट अंगावर घातली. इथे निवड किती काटेकोर आहे हे लक्षात घ्या. हा वेष खेड्यात घातला असता तर त्याला काही अर्थच उरला नसता. दागिन्यांच्या शेजारी बसल्यावरच घोंगडी बोलली.

चार वर्षांनी, १८९२च्या सुमारास, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रे, मागून दिवा, पुढे पडदा, सोबत निवेदन आणि गाणे. आजच्या प्रोजेक्टरचे हे आजोबा. चित्रे हलल्यासारखी दिसत आणि लोक थक्क होत. तंत्र विलक्षण होते, यात वाद नाही. पण पडद्यावर मुख्यतः पुराणकथा होत्या. म्हणजे प्रोजेक्टरच्या या आजोबांच्या हातीही पोथीच होती. ‘तंत्रज्ञान आले की अंधश्रद्धा जाते’ असे मानणाऱ्या आमच्या मित्रांनी हे आठवणीत ठेवावे. दिवा ज्याच्या हातात, पडदाही त्याचाच.

आता महाड. १९ आणि २० मार्च १९२७ची परिषद, चवदार तळ्यावर चालत जाणे आणि पाणी पिणे, हे प्रत्येकाला पाठ आहे. पण विरोधकांनी त्याला उत्तर कसे दिले? लेख लिहून नव्हे. १०८ घागरी, पंचगव्य आणि मंत्र यांनी त्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजेल असा तो देखावा होता, आणि त्याचा अर्थ एकच होता, की हे लोक पाण्याला लागले की पाणी विटाळते. अशा देखाव्याला केवळ भाषणाने उत्तर देता येत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले असावे असे आम्हाला वाटते, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरातली परिषद पाहिली तर तिची दृश्य मांडणी फार विचारपूर्वक केलेली दिसते.

परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. मंडपात तसबीर होती ती एकट्या गांधींची. आज हे वाचून आपल्यातले काही दचकतात. दचकण्याचे कारण नाही. १९२७ साली सत्याग्रह या शब्दाचा अर्थ देशाला ज्या चेहऱ्यावरून कळत होता तो चेहरा मंडपात लावला, म्हणजे समोरच्या सवर्ण सुधारकाला विचारता येते की तुमचाच मार्ग आम्ही धरला आहे, आता तुम्ही कुठे उभे आहात? पुढे पुणे करारापर्यंत काय घडले ते आपण जाणतो. पण तसबिरीची निवड प्रसंग पाहून, ऐकणारा पाहून होते, कायमची नसते, हे त्या मंडपातून दिसते.

आणि मंडपापुढे खणलेला तो खड्डा. त्यात चंदनाची लाकडे, कडेला खांब आणि खांबांवर फलक. एकावर ही मनुस्मृतीची दहनभूमी असल्याचे लिहिलेले, दुसऱ्यांवर अस्पृश्यता नष्ट करण्याचे आणि ब्राह्मण्याला मूठमाती देण्याचे आवाहन. २५ डिसेंबर १९२७ रोजी रात्री ग्रंथ जाळला गेला. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, हेही त्या दृश्याचाच भाग होते. पोथी जाळली तर पापाने हात झडतात, हे शतकानुशतके कानावर पडलेल्या हजारो माणसांनी ती जळताना आणि जाळणाऱ्याचे हात शाबूत राहताना पाहिले. यापेक्षा प्रभावी प्रात्यक्षिक आम्हाला माहीत नाही. तिथे फलकांवर मजकूर किती होता? तीन-चार शब्द. बाकीचे विस्तवाने सांगितले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. चवदार तळ्यावर ओंजळीत पाणी घेतलेल्या बाबासाहेबांचे जे चित्र आपण घराघरांत, कॅलेंडरांवर आणि आता स्लाइडवर पाहतो, ते नंतरच्या चित्रकारांनी कल्पनेने काढलेले आहे. ते लावायला हरकत नाही. पण ‘सत्याग्रहाचे छायाचित्र’ असे त्याखाली लिहिलेले आम्ही अनेकदा पाहिले आहे, आणि ते चूक आहे. विरोधक असल्या एका चुकीवर सगळे व्याख्यान उधळून लावतो. चित्राखाली ‘चित्रकाराच्या कल्पनेतून’ एवढे लिहायला किती जागा लागते?

महाडच्या फलकांवर आणि विस्तवावर आपण बोलतो, पण बाबासाहेबांच्या तक्त्यांवर आणि नकाशांवर जवळजवळ कोणीच बोलत नाही. समाजशास्त्राच्या वर्गातही ते आम्हाला कोणी दाखवले नाहीत. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ पूर्ण केले. सगळा देश त्या विषयावर घसा फोडून ओरडत होता, आणि या माणसाने काय केले? पंजाब आणि बंगालची जिल्हावार लोकसंख्या तक्त्यांत मांडली, सैन्यभरतीचे आणि प्रांतांच्या उत्पन्नाचे आकडे घातले, सोबत नकाशे जोडले. निष्कर्ष कोणाला पटो न पटो, वाचणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळाली. या जिल्ह्यात कोण किती, ही रेषा इथून का जाते, हे त्याने स्वतः मोजावे.

दुसरे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’च्या प्रस्तावनेखाली तारीख आहे २३ डिसेंबर १९५५, आणि पत्ता आहे मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन, औरंगाबाद. भाषावार प्रांतरचनेच्या त्या गदारोळात बाबासाहेबांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले: मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. मध्य महाराष्ट्रात आपला मराठवाडा येतो. आणि असे का, याचे कारण देताना ते मराठवाड्याची अवस्था समोर ठेवतात. निजामाने दोनशे वर्षे केलेली हेळसांड, कालव्याच्या पाण्याचा अभाव, तालुक्याच्या गावीही हायस्कुलांची वानवा, सरकारी नोकरीत इथल्या तरुणांचा तुटवडा. पुढे असणाऱ्या भागाशी मागे राहिलेला भाग जोडला तर मागे राहिलेल्याचे काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. पुस्तकात आकडेवारीचे तक्ते आहेत, नकाशे आहेत. १ मे १९६० रोजी राज्य वेगळ्याच रीतीने बनले हा भाग निराळा. पण सिंचनाच्या, अनुशेषाच्या, पाण्याच्या वाटपाच्या प्रत्येक वादात तो प्रश्न आजही जिवंत आहे. गुलमंडीतल्या दुकानदाराला, तो कोणत्याही जातीचा असो, मराठवाड्याच्या मागासलेपणाबद्दल बोलायला फार आवडते. त्याच्यासमोर बाबासाहेबांचा हा नकाशा ठेवून पाहा. ‘तुमचे’ बाबासाहेब हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघणार नाही. आम्ही हे करून पाहिले आहे. एका दुकानाच्या पायरीवर, ए-तीन आकाराच्या झेरॉक्सवर, वीस मिनिटे चर्चा झाली आणि शेवटी दुकानदाराने ती झेरॉक्स ठेवून घेतली.

आकड्यांचे चित्र करणे हे लढ्याचे हत्यार आहे, हे बाबासाहेबांचे समकालीन असलेल्या एका मोठ्या माणसाने आधीच दाखवून दिले होते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे अमेरिकेतले काळे समाजशास्त्रज्ञ. १९००च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आणि अटलांटा विद्यापीठातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी साठच्या आसपास तक्ते हाताने काढले आणि रंगवले. जॉर्जिया राज्यात काळ्या लोकांच्या मालकीची जमीन किती वाढली, साक्षरता किती, कोणत्या धंद्यात किती माणसे. लाल, हिरवा, पिवळा, काळा असे ठसठशीत रंग, कुठे नागमोडी वळत गेलेली पट्टी, कुठे पंखा. गुलामी संपून पस्तीस वर्षे झाली होती आणि ‘हे लोक प्रगती करूच शकत नाहीत’ असे जगभर शास्त्राच्या नावाने सांगितले जात होते. त्या भिंतीवर उत्तर होते, आणि सोबत काळ्या कुटुंबांच्या, दुकानांच्या, शाळांच्या छायाचित्रांचे संग्रह. १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे काळ्यांच्या वतीने मांडल्या जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली होती, आणि ड्यू बॉइसनी उत्तरही दिले. आमच्या पीपीटी बनवणाऱ्या मित्रांनी ते जुने तक्ते इंटरनेटवर शोधून जरूर पाहावेत. एकाही तक्त्यावर ड्यू बॉइसचा फोटो नाही.

नागसेनवनात दृश्य माध्यमाचा आणखी एक प्रयोग झाला, तो थोडक्यात सांगतो. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. १९५६च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. युगानुयुगांचा इतिहास रंगमंचावर पाहताना वाचता न येणाऱ्यालाही ओळ लागत होती. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या नाटकापासून सुरुवात करतात, आणि आपल्या शहरातल्या मुलांना त्याचे नाव ठाऊक नसते.

कांशीराम साहेबांचे तर शिक्षणच आपल्या महाराष्ट्रात झाले असे म्हणायला हवे. पुण्यातल्या स्फोटकांच्या प्रयोगशाळेत नोकरी, तिथेच आंबेडकर जयंतीच्या सुट्टीवरून झालेला संघर्ष, तिथेच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ हाती पडणे. ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफची स्थापना आणि १४ एप्रिल १९८० पासून दोन महिने उत्तर भारतात फिरलेला ‘आंबेडकर मेला ऑन व्हील्स’. चित्रांमधून बाबासाहेबांचे जीवन आणि दलितांवरचे अत्याचार दाखवणारे हे फिरते प्रदर्शन होते. लोकांनी सभागृहात यावे अशी अपेक्षा नव्हती, प्रदर्शनच वस्तीत जात होते. पण आम्हाला त्याहून भावते ते त्यांचे पेन. खिशातले साधे पेन उभे धरायचे. वरचे टोपण म्हणजे पंधरा टक्के, खालचा सगळा भाग पंच्याऐंशी टक्के, आणि टोपण खालच्यांच्या जिवावर वर बसलेले. मग तेच पेन आडवे करायचे, सगळे एका रेषेत. बस. वीज लागत नाही, पडदा लागत नाही, पेन ड्राइव्ह विसरत नाही. ऐकणारा घरी जाऊन स्वतःच्या पेनने बायकोला तेच समजावून सांगू शकतो. दृश्य साधनाची खरी परीक्षा हीच आहे असे आम्ही मानतो. वक्ता गेल्यावर ते श्रोत्याच्या हातात उरते का?

इथे आमचा एक मित्र नेहमी हरकत घेतो. तो म्हणतो, बाबासाहेबांचा फोटो म्हणजे सजावट नव्हे, तो स्वतःच एक युक्तिवाद आहे. गावाच्या वेशीत पुतळा बसवायला रक्त सांडते, मोबाइलच्या रिंगटोनवरून मारहाण होते, तिथे तुम्ही फोटो काढून टाका म्हणता?

त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि ते अर्धे फार मोलाचे आहे. १९५६ नंतर घरांतल्या देव्हाऱ्यांच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले, तेव्हा ती तसबीर लावणे म्हणजे जाहीर निर्णय होता. संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी पुतळा उभा राहिला. बोट दाखवणाऱ्या, हाती ग्रंथ असलेल्या बाबासाहेबांची जी मूर्ती देशभर पसरली तिने निरक्षर माणसाला दोन गोष्टी सांगितल्या, शीक आणि पुढे हो. आपल्या शहरात विद्यापीठाचे प्रवेशद्वार आहे. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९चा लाँग मार्च झाला. गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये नांदेडला स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आज त्या गेटची लहानशी आकृती बिल्ल्यावर, कॅलेंडरवर, टीशर्टवर दिसली तरी सोळा वर्षांचा लढा डोळ्यांपुढे येतो. ज्याला इतिहास माहीत आहे त्याच्या. अडचण इथेच आहे. ज्याला माहीत नाही त्याला ती फक्त एक कमान दिसते. गुलमंडीत ती लावायची असेल तर खाली पाच तारखा लिहायला हव्यात. भडकल गेटला पुतळ्यापाशी नको, तिथे येणारा प्रत्येक जण त्या तारखा घेऊनच येतो.

प्रतिमा संदर्भातून उपटली की काय होते हे आपण २०१२ साली पाहिले. शंकर यांचे १९४९चे व्यंगचित्र, संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात होते. त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि सुहास पळशीकर व योगेंद्र यादव सल्लागारपदावरून बाहेर पडले. पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. ती आम्हाला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. पण ‘शेजारी मजकूर होता की’ हा विद्वानांचा बचावही अपुरा होता. वर्गात पोरे आधी चित्र पाहतात, हसतात, मग मजकूर वाचतात, वाचला तर. त्या हसण्याच्या वेळी वर्गातला आपला मुलगा कुठे पाहत असेल? उन्नमती श्याम सुंदर यांनी नंतर त्या काळातली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र करून छापली, तेव्हा दिसले की एकटी गोगलगाय नव्हती, एक सबंध परंपरा होती. एका चित्रावर चिडण्यापेक्षा शंभर चित्रे शेजारी शेजारी ठेवणे जास्त जड पडते.

आता सगळ्यात अवघड भाग. अत्याचाराची छायाचित्रे दाखवायची का?

खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या. प्रेतांची छायाचित्रे हातोहात फिरली आणि त्यांनी लोकांना रस्त्यावर आणले, हे नाकारता येणार नाही. ती फिरली नसती तर प्रकरण दडपले गेले असते, असे मानणारे अनेक कार्यकर्ते आहेत. अमेरिकेत १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा हट्ट धरला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असा तिचा निर्धार होता. पण तिथे निर्णय आईचा होता. आपण सभागृहात, जेवणाच्या आधीच्या सत्रात, पडद्यावर बाईचे विवस्त्र प्रेत दाखवतो तेव्हा परवानगी कोणाची घेतलेली असते? आम्ही पीडित कुटुंबांबरोबर काम करतो. सभेत स्वतःच्या माणसाचा तो फोटो अचानक समोर आल्यावर बाया उठून बाहेर जाताना आम्ही पाहिल्या आहेत. आम्ही तो फोटो वापरत नाही.

त्याऐवजी आम्ही फळ्यावर खडूने एक आडवी रेघ ओढतो. घटना कधी घडली, गुन्हा कधी नोंदला, कलमे कोणती लावली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे पंचवीस वर्षांच्या कैदेत रूपांतर केले, आणि हत्येमागे जात होती हे तेव्हाही मान्य केले नाही. रेघेच्या शेवटी पोहोचेपर्यंत सभागृहात शांतता असते. प्रेताचा फोटो पाहून माणूस हळहळतो किंवा मान फिरवतो. ही रेघ पाहून तो विचारतो, ‘मग जातीवरून झाले नाही तर कशावरून झाले?’ हा प्रश्न सवर्ण श्रोत्याच्या तोंडून निघाला तर समजावे की त्या दिवशीचे काम झाले.

गावात तर फळाही नको. लोकांनाच खडू द्यावा आणि देवळाच्या नव्हे, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या अंगणात गावाचा नकाशा काढायला सांगावे. आधी रस्ते, मग घरे, मग विहिरी, हापसे, पाण्याची टाकी, शेवटी स्मशान. डांबरी रस्ता कुठे संपतो, नळाची शेवटची तोटी कोणाच्या दारात, प्रेत न्यायला कोणाच्या शेतातून जावे लागते, हे काढणारा हात स्वतःच दाखवतो. आम्ही काही बोलत नाही. एका गावात पाटलांच्या घरातल्या कॉलेजच्या मुलीने स्मशानाची वाट पुसून दोनदा काढून पाहिली, तिला वाटले आपले काहीतरी चुकले. वाट खरेच नव्हती.

तंत्राच्या दोन गोष्टी, कारण त्या विचारल्या जातात. अक्षर रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा की दहा फुटांवरून वाचायचे तर अक्षर किमान इंचभर उंच हवे, आणि आपल्या देवनागरीला वर-खाली मात्रा, उकार असल्याने त्याहून थोडे अधिकच. पन्नास फुटी सभागृहात पडद्यावर वीस ओळी मावतात पण वाचता येत नाहीत. गडद निळ्यावर काळे अक्षर तर मुळीच नको, निळ्याबद्दल कितीही प्रेम असले तरी. आणि भारनियमन गृहीत धरून निघावे. दिवे गेल्यावर ज्याचे व्याख्यान थांबते त्याने व्याख्यान तयार केलेले नव्हते, फाइल तयार केली होती.

हे सगळे नवे आहे असे कोणाला वाटत असेल तर आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठ्याला जाऊन यावे. सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात, डावीकडच्या भिंतीवर एका मोठ्या चक्राचा उरलेला भाग दिसतो. ते भवचक्र आहे. अशा चक्राच्या मध्यभागी कबूतर, साप आणि डुक्कर काढतात, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह, आणि भोवतीच्या कप्प्यांत जगण्याच्या निरनिराळ्या गती. त्यातले स्वर्ग-नरक आम्ही शब्दशः घेत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्याला ते का, हे सांगायला नको. पण ते दाराशीच का काढले आहे, हे पाहण्यासारखे आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात ही कथा येते. असे चक्र विहाराच्या दाराशी रंगवावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगायला एक भिक्खू नेमावा, असे तथागत सांगतात. मग भिक्खू संघाने कोणालाही तिथे उभे करायला सुरुवात केली. ज्यांना स्वतःलाच ते कळत नव्हते असेही उभे राहू लागले आणि लोक नावे ठेवू लागले. तेव्हा सांगण्यात आले की जाणकार भिक्खूच नेमावा.

नंतर शतकानुशतके तिथे सांगणारा कोणीच उरला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आले, त्यांनी ते चक्र पाहिले, त्यांना ते राशिचक्र वाटले, आणि सतराव्या लेण्याला त्यांनी ‘झोडियाक केव्ह’ म्हणजे राशींचे लेणे असे नाव देऊन टाकले.

आजही पर्यटक बहुतेक पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे गर्दी करतात आणि या भिंतीसमोरून पुढे निघून जातात. पावसाळा संपला की आम्ही तिथे अभ्यासवर्ग घेऊन जाणार आहोत. येणाऱ्यांनी वही-पेन्सिल आणावी. फ्लॅश चालत नाही, आणि चक्राचा किती भाग शिल्लक आहे हे हाताने काढून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.